टोलाला एक बिडी

माझ्या उजव्या पायाला तीन बोटं आहेत. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट नाही. ज्या डॉक्टरांनी ती काढली त्यांनीच मला हे लिहायला सांगितलं. म्हणाले, "बाहेरच्या बाकावर बसलेले लोक माझं ऐकत नाहीत. तुझं वाचतील कदाचित."

तेव्हा बाकावरच्या माणसा, तुझ्यासाठी हे लिहितो आहे. तुझ्या खिशात बंडल आहे हे मला ठाऊक आहे. मीही त्या बाकावर खिशात बंडल ठेवूनच बसलो होतो. माझं बोलणं गोड लागणार नाही. बिडीबद्दल गोड बोलण्याचा माझा काळ संपला.

कोण मी

लांजा तालुक्यातल्या एका आतल्या गावात माझा जन्म झाला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. दापोलीला शेतीची पदवी घेतली ती तात्यांमुळे. तात्या म्हणजे पावसजवळचे मोठे बागायतदार. माझे वडील त्यांच्या बागेत कलमांभोवती आळी खणायला जात. मुलगा हुशार आहे असं कळल्यावर तात्यांनी माझं वसतिगृह, पुस्तकं, सगळं अंगावर घेतलं. पदवी हातात आली त्या दिवशी मी पहिला नमस्कार त्यांना केला, दुसरा आईला.

नोकरीही त्यांनीच दिली. बागेची सगळी देखरेख माझ्याकडे. मी लग्न केलं, बागेतल्याच दोन खोल्यांत संसार मांडला. तात्यांना नाही म्हणता येतं हे मला माहीतच नव्हतं. कृतज्ञ माणूस चांगला असतो असं शाळेत शिकलो होतो. तो धोकादायकही असतो हे कोणी शिकवलं नाही.

ठिपके

पदवीनंतरच्या दुसऱ्या हंगामात तात्यांनी पहिल्यांदा नेपाळी रखवालदार आणले. आमच्याकडची तरणी माणसं मुंबईला, आंबे राखायला कोणी मिळेना. सहा जण आले. त्यांतले दोन घरूनच तंबाखू ओढत होते. बाकीचे चौघे ओढत नव्हते. हे नीट वाच. चौघे ओढत नव्हते.

बाग डोंगरउतारावर पसरलेली. रखवालदार राखणीच्या माळ्यावर झोपतात आणि सकाळी कलमं रिकामी सापडतात, ही तात्यांची जुनी तक्रार. कंदील दिले तर कंदील जळत ठेवून माणूस खुशाल झोपतो. मग मी युक्ती काढली. हो, मीच. कंदील आपोआप जळतो, पण बिडी ओढली नाही की विझते. झोपलेला माणूस बिडी ओढू शकत नाही. तात्यांच्या बंगल्याच्या पडवीत लोखंडी पट्टी टांगली. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत दर तासाला मी टोल द्यायचा. टोल ऐकला की प्रत्येकानं बिडी पेटवून मोठा झुरका घ्यायचा. उतारावर सहा लाल ठिपके दिसले की मी पडवीतून माझी बिडी वर-खाली हलवायची. म्हणजे हजेरी लागली.

तात्या इतके खूश झाले की चार बागायतदारांना बोलावून त्यांनी ते ठिपके दाखवले. "आमच्या पदवीधराचं डोकं बघा," म्हणाले. मी मान खाली घालून उभा होतो, पण छाती फुगली होती.

बंडलं बागेतूनच मिळत. ज्यांना येत नव्हती त्यांना ओढायला मी शिकवलं. पेटवताना पान कसं फिरवायचं, झुरका किती खोल घ्यायचा म्हणजे ठिपका लांबून दिसेल. ते खोकत, डोळ्यांतून पाणी काढत. मी हसायचो. वसतिगृहात मलाही असंच कोणीतरी हसलं होतं. शिमग्याला पोस्त म्हणून मी प्रत्येकाला एक जादा बंडल देत असे, वर मिठाईसारखा कागद गुंडाळून.

त्यांच्यात सगळ्यांत धाकटा हरकबहादूर, विशीतला. तो आणि त्याचा काका एकाच माळ्यावर असत. पहिल्या आठवड्यात मला रोज पाचच ठिपके दिसले. सकाळी मी त्याला पडवीखाली उभा केला.

"झोपलास?"

"नहीं साब. पी थी."

"मग दिसली का नाही?"

काकाकडे एकदा बघून त्यानं मूठ पुढे केली. मुठीच्या पोकळीत बिडी धरून, पाठ फिरवून तो ओढत होता. "चाचा के सामने नहीं पीते, साब," म्हणाला.

आमच्याकडेही बापासमोर कोणी ओढत नाही. मला ते कळायला हवं होतं. मी म्हणालो, "ते तुमच्या गावाला. इथं मूठ उघडी पाहिजे. ठिपका नाही तर हजेरी नाही."

त्या दिवसापासून सहा ठिपके दिसायला लागले. काका मात्र हरकाशी बोलेनासा झाला. दोघं एकाच चुलीवर जेवत, एकमेकांकडे पाठ करून. ते बघूनही मी टोल देत राहिलो. चार हंगाम.

काटा नव्हता

रात्रीच्या बारा बिड्या त्यांना लागू होत्या. माझ्या त्याहून जास्त, कारण पडवीत जागं राहायला मला टोलाची वाट बघवत नसे. दिवसाच्या वेगळ्या. माझ्या बोटांची टोकं हळदीसारखी पिवळी झाली होती.

आधी पोटरीत गोळा येऊ लागला. बागेचा चढ अर्धा चढलो की पाय जड व्हायचा, थांबलो की बरं वाटायचं. मला वाटलं, कातळावर चालून चालून थकवा आला असेल. मग पाऊल थंड पडायला लागलं. मग अंगठ्याला कधी काटा लागला आठवत नाही, पण जखम झाली आणि भरेना.

आई गावाहून आली. पाऊल हातात घेऊन म्हणाली, "बाबा, ह्या पायात जीवच नाय. थंडगार लागतो." मग तिनं विटेचा तुकडा तापवून फडक्यात गुंडाळला आणि रोज शेकायला लागली. मला चटका कळतच नव्हता. आठ दिवसांत अंगठ्याची कातडी काळी झाली. आई अजून रडते त्यावर. तिला मी कितीदा सांगितलं, आये, विटेनं नाही, बिडीनं. ती म्हणते, "पण हात तर माझा होता ना रे."

दुखणं कसलं होतं ते सांगतो. पाय खाटेवर ठेवला की आतून कोणीतरी पकडीनं बोटं पिरगाळतंय असं वाटे. खाली लोंबता सोडला की जरा कमी होई. मी बसून झोपायला शिकलो. दुखणं विसरायला काय करत होतो? बिडी ओढत होतो.

"दोन-चार"

सुलभा, माझी बायको, मला ओढतच रत्नागिरीला घेऊन गेली. डॉक्टरांनी घोट्याजवळ, मग पावलावर, मग गुडघ्यामागे बोट दाबून बराच वेळ काहीतरी शोधलं. नाडी शोधत होते हे नंतर कळलं. मग खुर्चीत बसून विचारलं, "बिड्या किती?"

"दोन-चार," मी म्हणालो.

"तासाला?" सुलभा मागून म्हणाली.

मी तिच्याकडे असं पाहिलं की माझी मलाच आता लाज वाटते. डॉक्टरांनी माझा हात उलटा करून बोटं बघितली. "शिकलेले दिसता," म्हणाले. "मग सरळ सांगतो. पायाला रक्त नेणाऱ्या नळ्या बंद होत चालल्यात. बिडीमुळे. आज, या खोलीतून बाहेर पडायच्या आत ती सुटली तर पाय राहील. नाही तर आधी बोटं जातील, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. मग डावा."

"औषध?"

"हेच औषध. बाकी मी देईन ते त्याच्या मागून."

मला राग आला. भीती नंतर आली, पण आधी राग आला. वाटलं, एवढा शिकलेला डॉक्टर आणि बिडीचं काय घेऊन बसला आहे. आमच्या गावात म्हातारे चितेवर जाईपर्यंत ओढतात. बाहेर आलो आणि पिंपळाखाली उभा राहून पेटवली. सुलभा समोर उभी होती. माझी बिडी संपेपर्यंत माझ्या पायाकडे बघत राहिली.

वॉर्ड

चार दिवसांनी शेजारचं बोटही काळं झालं आणि मला भरती करून घेतलं.

वॉर्डातला दिवस लवकर सुरू होतो. आधी फरशी पुसण्याचा वास, मग चहा, मग मलमपट्टीची गाडी. त्या गाडीचं एक चाक वाजायचं. पट्टी सोडताना मी दात आवळून छताच्या कौलांकडे बघत असे. बाजूच्या खाटेवर पूर्णगडचे एक म्हातारे दालदी होते. आयुष्यभर मासेमारी केलेले. त्यांचा पाय गुडघ्याखाली गेला होता. माझ्याच दुखण्यानं.

"मास्तर," ते मला म्हणत. मी मास्तर नव्हतो, पण चष्म्यामुळे असेल. "मास्तर, माझा पाय गेला तवा मी काय केला माहीत हाय? शुद्धीवर आलो नि पयली बिडी मागितली." आणि हसत. त्यांच्या डाव्या पायाची बोटंही काळी पडत होती. मला त्या हसण्याचा संताप यायचा. कारण मला त्यांच्याकडे एक आहे का, हे विचारायचं होतं.

भरती झाल्यावर पाचव्या दिवशी मी विचारलंच. संडासात जाऊन ओढली. चार झुरके. परत येऊन पाय खाली सोडून बसलो तोच सुलभा डबा घेऊन आली. मऊ भात, मेतकूट, वर तूप. तिनं डबा उघडला, थांबली, माझ्या तोंडाजवळ आली आणि वास घेतला.

मला वाटलं ओरडेल. तिनं पिशवीतून माझंच घरचं बंडल काढलं आणि काडेपेटीसकट उशीवर ठेवलं.

"घ्या. चोरून कशाला ओढताय? कापायच्या कागदावर सही माझीच लागणार आहे ना? ती मी आत्ताच करून येते. गुडघ्याखाली लिहू की वर?"

"सुलभा, हळू बोल."

"का हळू बोलू? चौघांना शिकवलीत तेव्हा हळू बोलला होतात?"

पूर्णगडच्या म्हाताऱ्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. सुलभा दाराकडे चालू लागली. ती खरोखर नर्सच्या टेबलापाशी गेली आणि कागद मागू लागली. मी एका पायावर उड्या मारत तिच्यामागे गेलो, ते बंडल तिच्या हातात कोंबलं आणि तिथेच फरशीवर बसलो. संडासातली ती माझी शेवटची बिडी. शपथ वगैरे घेतली नाही. पुढचे पंधरा दिवस मी सगळ्यांचा द्वेष केला. नर्सचा, सुलभाचा, चहाचा, खिडकीतून दिसणाऱ्या आणि रस्त्यावर निवांत ओढत उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाचा. कोणी "आता बरं वाटतंय का" म्हटलं की हातातलं फेकून मारावंसं वाटे. ज्याला हे सोडायचं आहे त्यानं हे समजून असावं. तुम्ही चांगले राहणार नाही. घरच्यांनी तुम्हाला सहन करावं लागेल, आणि तेही चांगले राहणार नाहीत.

दोन बोटं काढली. एक नर्सबाई होत्या, त्या रोज न सांगता डोक्याकडून माझ्या खाटेखाली वीट सरकवून पायाकडची बाजू जरा खाली करून जात. त्या विटेचे उपकार मी विसरणार नाही.

तात्या

तात्या भेटायला आले, सोबत शहाळी. खाटेशेजारी बसले, पायाकडे बघणं टाळलं.

"डॉक्टरनं घाबरवलंन तुला. आमच्या बाबांनी नव्वदीपर्यंत ओढलीन."

मी त्यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदा वेगळ्या स्वरात बोललो. म्हटलं, "तात्या, बागेतली बिडी बंद करा. बॅटऱ्या द्या. टोल बंद करा."

ते जरा वेळ शहाळ्याच्या शेंडीशी खेळत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "युक्ती कोणाची रे ती? माझी?"

मी चादर पायावर ओढून घेतली.

"मी तुला बागेसाठी शिकवला, बागेला शिकवायला नाही. तू बरा हो. फळ उतरायला आलंय. तोवर माझा पुतण्या टोल देतोय."

ते गेले. मी त्यांच्या शहाळ्याचं पाणी प्यायलो. खोटं कशाला सांगू, गोड होतं. मनात म्हटलं, माझा पाय वाचला तर पुरे, बाकीचं मला काय करायचंय. हे मी मनात म्हटलं होतं, हेही इथं लिहून ठेवतो.

हरका

आणखी आठ दिवसांनी आई पाय दाबत होती. एकदम तिचा हात थांबला. "बाबा, कोमट लागतो रे." तिनं दुसरा हात लावून बघितला, मग गाल लावला. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी घोट्यामागे बोट ठेवलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "बारीक आहे. पण आहे." पाऊल राहणार होतं.

त्याच दुपारी हरका आला. पावसहून एस.टी.नं, धुतलेला शर्ट घालून. खाटेशी उभा राहून त्यानं दोन्ही हातांनी एक पुडी पुढे केली. वर मिठाईचा रंगीत कागद. मी कागद बघूनच ओळखलं. बंडल होतं. मी शिमग्याला देत असे तसंच.

मी ते भिरकावलं. समोरच्या भिंतीला लागून फुटलं, बिड्या फरशीभर पसरल्या. हरका घाबरून वेचायला वाकला. वाकताना त्यानं डावा पाय चपलेतून काढून उजव्या पायावर ठेवला, आणि तसाच एका पायावर तोल सांभाळत बिड्या गोळा करू लागला.

ते उभं राहणं मला माहीत होतं.

"हरका, पाय दाखव."

"कुछ नहीं साब. चढाई पे गोला आता है. रुकने से जाता है."

"किती दिवस?"

"इस सीझन से."

मी त्याचं पाऊल हातात घेतलं. थंड होतं. करंगळी निळसर होती. माझ्या खाटेवर बसायलाही तो तयार नव्हता आणि मी त्याचा पाय मांडीवर घेऊन बसलो होतो. तो पाय सोडवू बघत होता. "छोडो साब," म्हणाला. "लोग देखते हैं."

सुलभानं कुबडी आणली. आम्ही दोघं, दोन धड पायांच्या हिशेबानं, जिना उतरून डॉक्टरांच्या खोलीत गेलो. तीच खोली, तेच टेबल. डॉक्टरांनी त्याच्या घोट्याजवळ बोट दाबलं, बराच वेळ शोधलं, मग पेन उचलून विचारलं, "बीडी कितनी पीते हो?"

हरकानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, टोलाची वाट बघावी तसं.

"जितनी साब ने बोली, उतनी," तो म्हणाला.

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. दोन-चार म्हणायला तोंड उघडणारा माणूस अजून माझ्यात होता, मला जाणवला.

"बारा," मी म्हणालो. "रोज रात्री बारा. टोलाला एक. चार हंगाम. तो ओढत नव्हता. मी ठरवून दिल्या होत्या."

डॉक्टरांनी ते लिहिलं. नंतर जे मला सांगितलं होतं तेच त्यालाही सांगितलं, आणि त्याला नीट समजावं म्हणून मी पुन्हा सांगितलं. आज सुटली तर पाय राहील. हरकानं सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "और टोल बजेगा तो, साब?"

पट्टी

सुट्टी मिळाल्यावर मी घरी न जाता आधी बंगल्यावर गेलो. भर दुपार होती. पडवीतल्या खुर्चीवर चढायला सुलभानं हात दिला. मी लोखंडी पट्टीची तार सोडली. तात्या दारात येऊन उभे राहिले.

"उतरवलीस?"

"हो."

"मग ती घेऊनच जा. खोल्या आठवड्यात मोकळ्या कर."

मी त्यांना वाकून नमस्कार केला. वाकताना पाय दुखला. त्यांचे उपकार खरे होते आणि अजूनही खरे आहेत. पण ते फेडायला मी दुसऱ्याच्या मुलाचा पाय वापरला होता, आणि तो द्यायला माझा नव्हता. आता मी एका गावच्या शाळेत शेतीचा विषय शिकवतो. पट्टी शाळेला दिली. दिवसाच वाजते.

तात्यांनी पुतण्याकडून नवी पट्टी लावली की नाही, मला माहीत नाही. दोन रखवालदार मात्र त्या आठवड्यातच निघाले, हरका आणि त्याचा काका. मी रत्नागिरीच्या स्टँडवर त्यांना पोचवायला गेलो. काकानं माझ्याशी बोलायला नकार दिला. तो हरकाची वळकटी स्वतःच्या खांद्यावर घेऊन उभा होता, दोघांमध्ये आता पाठ नव्हती. डॉक्टरांची चिठ्ठी मी हरकाला दिली, त्यांच्या भागात मोठा दवाखाना कुठे आहे ते विचारून वहीत लिहून घेतलं. त्यानं आभार मानले नाहीत. मानले असते तर मला सहन झालं नसतं.

गाडी लागली. शेजारच्या प्रवाशानं खिडकीतून हरकापुढे सहज एक बिडी धरली, जशी आपल्याकडे नव्या माणसापुढे धरतात. हरकानं मान हलवली. मग खिडकीतून माझ्याकडे बघत हात बाहेर काढला आणि मूठ उघडून दाखवली, हजेरी द्यावी तशी. मूठ रिकामी होती. तो हसला नाही.